घेल : गावकुसाच्या आतली परकी माणसे

माझा धाकटा भाऊ मतिमंद आहे. हे साधे वाक्य मी आजवर कोणत्याही व्यासपीठावरून उच्चारलेले नाही. वर्णव्यवस्था, भूमिहीनांचा प्रश्न, नामांतर, राखीव जागा या विषयांवर मी बोललो, लिहिले, मोर्चात चाललो, दोन वेळा तुरुंगात जाऊन आलो; परंतु रोज संध्याकाळी माझ्या ताटाला ताट लावून जो बसतो त्याच्याविषयी माझ्या तोंडून अवाक्षर निघाले नाही. का निघाले नाही, या प्रश्नाचे उत्तर मला देता येते. लाज वाटत होती. आपल्या जन्माची लाज बाळगू नका असे हजारो तरुणांना सांगणारा मी, भावाच्या जन्माची लाज बाळगून होतो! आता मी निवृत्त शिक्षक आहे, भाऊ साठीला टेकला आहे, आणि लाजेला फार वेळ उरलेला नाही.

आधी शब्दाविषयी. 'मतिमंद' हा शब्द आता जुना झाला, तो वापरू नये असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. शाळेत पोरे तो शिवीसारखा वापरीत, हे मी रोज ऐकत होतो. परंतु त्याच्या जागी सरकारने जो 'दिव्यांग' शब्द आणला, २०१६ पासून केंद्र सरकारच्या खात्याच्या पाटीवरही चढवला, तो माझ्या गळ्याखाली उतरत नाही. ज्याला माणसाचा दर्जा द्यायचा नाही त्याला देवाचा दर्जा देऊन मोकळे व्हायचे, ही युक्ती आपण ओळखून आहोत. आपल्यालाही कोणी 'हरिजन' म्हटले होते. हरीचे जन झालो म्हणून पाणवठा खुला झाला नाही! माझ्या भावाच्या अंगात दिव्य असे काही नाही. त्याला पैसे मोजता येत नाहीत, बोलणे तुटक आहे, उजवा पाय जरा ओढतो. तो माणूस आहे आणि त्याला जेवायला, झोपायला, काम करायला आणि हाक मारायला माणसे लागतात. एवढेच.

माय होती तोवर हा प्रश्न प्रश्न वाटलाच नाही. ती रोजगारावर जाई तेव्हा त्याला बांधावर बसवी. मोठा झाल्यावर तो तिच्याबरोबर वेचणी-खुडणी करू लागला. शेवटच्या आजारात ती मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारी : "माझ्या माघारी ह्याला कोन बघंल रं?" मी म्हणालो, "मी हाय ना, माय." ती गप्प झाली. तिचे समाधान झाले नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. तिच्या मृत्यूनंतर माझी बदली दूरच्या तालुक्याला झाली आणि मी, सांगायला संकोच वाटतो, त्याला जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका वसतिगृहात ठेवता येईल का याची चौकशी करायला गेलो. तेथले गृहस्थ सभ्य होते. त्यांनी वय विचारले आणि वही मिटली. "आमच्याकडे अठरापर्यंतच. पुढचं घरच्यांनी पाहायचं." अठरा वर्षांनंतर मतिमंद माणूस जणू बरा होतो! किंवा मरतो, असे त्या नियमाच्या कर्त्यांनी धरले असावे.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, एका प्राध्यापक मित्राने पाठवलेल्या पुस्तकामुळे मला बेल्जियममधल्या घेल या गावाची माहिती झाली. युजीन रूसेन्स या फ्लेमिश मानववंशशास्त्रज्ञाचे ते पुस्तक. त्याची इंग्रजी आवृत्ती १९७९ साली निघाली. नंतर जे जे मिळाले ते मी वाचत गेलो. मी त्या गावी गेलेलो नाही, जाणे शक्यही नाही. परंतु एका गोष्टीने मला बसल्या जागी हलवले. ज्यांना जगाने वेडे म्हणून, जड म्हणून बाहेर काढले, अशांना हे गाव सुमारे सातशे वर्षे आपल्या घरात ठेवून घेत आले. आश्रमात नाही, गावाबाहेरच्या कोठीत नाही. चुलीजवळ.

वाचकांनी मला लगेच थांबवावे. गावाची स्तुती आणि तीही या नियतकालिकात? १९४८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याचे जे वर्णन केले ते आपण विसरलेलो नाही. गाव म्हटले की मलाही प्रथम वेस आठवते आणि वेशीबाहेरचे आमचे पत्र्याचे घर आठवते. म्हणूनच घेलची कथा मी भाबडेपणाने वाचली नाही. हे लोक इतके चांगले कसे, हा माझा प्रश्न नव्हता. यांचे त्यात काय साधत होते, हा होता.

आरंभ दंतकथेने होतो. डिम्फना नावाची आयर्लंडची राजकन्या सातव्या शतकात होऊन गेली म्हणतात. आई वारल्यावर शोकाने भ्रमिष्ट झालेल्या बापाने मुलीशीच लग्न लावण्याचा हट्ट धरला. ती आपल्या धर्मगुरूबरोबर समुद्र ओलांडून घेलला पळून आली. बापाने माग काढला आणि दोघांची शिरे उडवली. पुढे ती वेड्यांची कैवारी संत ठरली. हे चरित्र तेराव्या शतकात, म्हणजे कथित घटनेनंतर सहाशे वर्षांनी एका धर्मगुरूने लिहिले. त्यात इतिहास किती, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. बापाच्या अत्याचाराला बळी गेलेली मुलगी वेड्यांची आई मानली गेली, यातले लोकमानस मात्र खोटे नाही.

इतिहास सुरू होतो तो चौदाव्या शतकात, १३४९ साली तिच्या नावाचे देऊळ बांधायला घेतले तेव्हापासून. दूरदूरचे लोक आपले वेडे, फेफरेवाले, जन्मतः मंद असलेले नातलग घेऊन येऊ लागले. देवळाला लागून आजाऱ्यांची खोली बांधली गेली. तेथे नऊ दिवसांचा विधी चाले. संतिणीच्या पेटीखालून रांगत जायचे, प्रार्थना म्हणायच्या. गुण आला तर घरी, न आला तर पुन्हा नऊ दिवस. गर्दी वाढली, खोली पुरेना, तेव्हा देवळाच्या कारभाऱ्यांनी गावकऱ्यांना सांगितले की यांना तुमच्या घरी उतरवून घ्या. नातलग खर्चाचे पैसे देत. काही आजारी परत गेले. काहींना न्यायला कोणी आलेच नाही. जे राहिले ते राहिले. त्यांना 'कोस्टगँगर' म्हणत. आपल्या भाषेत पोटभाड्याने राहणारा, खाणावळीतला माणूस. रुग्ण नव्हे, पापी नव्हे, भिकारीही नव्हे. या साध्या शब्दावर मी खूप वेळ अडलो. पैसे देऊन जेवणारा माणूस कोणाच्या उपकारात नसतो.

एवढे वाचून कोणी म्हणेल की ही धर्माची करामत. परंतु अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने तो मुलूख घेतला, देवळांना टाळी ठोकली, विधी बंद पडले. आणि घेलच्या घरांतली माणसे घरांतच राहिली! देव गेला तरी जेवणाचे ताट गेले नाही. उलट १८०३ साली ब्रुसेल्सच्या प्रशासनाने शहरातल्या कोंदट कोठडीतले वेडे गाड्यांत घालून घेलला पाठवले, कारण ते स्वस्त पडत होते. १८२१ साली फ्रान्सचा नामवंत मनोविकारतज्ज्ञ एस्किरॉल हे गाव पाहायला आला. त्याच्यानंतर युरोपातल्या डॉक्टरांची रीघ लागली आणि वाद सुरू झाला. वेड्याला भिंतीत ठेवावे की घरात? शेतकऱ्याला औषधातले काय कळते? तो त्यांना बेड्या घालतो, राबवून घेतो, अशीही टीका झाली आणि ती खोटी नव्हती. घेलच्या घरांत बेड्या होत्या. हे दडवून कथा सांगणारे मला आवडत नाहीत.

बेड्या सुटू लागल्या त्या संतिणीच्या कृपेने नव्हे. १८५० साली बेल्जियमने वेड्यांविषयीचा कायदा केला, १८५२ मध्ये घेल सरकारी देखरेखीखाली आले, वैद्यकीय संचालक नेमला गेला, १८६२ साली गावात रुग्णालय उघडले. नव्या आलेल्या माणसाला आधी तेथे ठेवून पाहत, मग योग्य घर निवडीत. परिचारक घरोघर फिरत. पुढे विसाव्या शतकात वाड्यावाड्यांतून स्नानगृहे बांधली गेली आणि प्रत्येक पाहुण्याने ठरलेल्या दिवशी तेथे येऊन आंघोळ करायची असा नियम झाला. वरवर पाहता ही स्वच्छतेची बाब. परंतु आंघोळीला माणूस कपडे काढतो. अंगावर वळ आहे का, वजन घटले आहे का, पाठीला जखम आहे का, हे परिचारिकेला न विचारता दिसे. जो बोलू शकत नाही त्याचे अंग बोलते. मारणाऱ्या किंवा उपाशी ठेवणाऱ्या घरातून माणूस काढून घेता येई, आणि घेलमध्ये ज्या घरचा पाहुणा काढून घेतला त्या घराची गावात नाचक्की होई. मला या संपूर्ण इतिहासात देवळापेक्षा हे स्नानगृह मोठे वाटते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. यांचे काय साधत होते? घेल ज्या केम्पेन भागात आहे तेथली जमीन रेताड, नापीक. लहान शेतकरी, थोडी गुरे. अशा घरात रोख पैशाचे मोल फार आणि राबत्या हाताचेही. पाहुण्याबरोबर दोन्ही आले. तो गवत आणी, बटाटे काढी, पोरे सांभाळी. बाई असेल तर शिवण, स्वयंपाक. म्हणजे शोषणच ना, असे आपला कार्यकर्ता विचारील. मीही विचारले. आणि मला आमच्या गावचा वाडा आठवला. माझा भाऊ विशीत असताना त्या वाड्यावर लाकडे फोडायला जाई. सकाळी जाई, दिवेलागणीला येई. बदल्यात शिळी भाकरी आणि "हुशार आहे हो गडी" अशी शाबासकी. मजुरी मागायला मी गेलो तेव्हा उत्तर मिळाले की त्याला पैसे देऊन उपयोग काय, त्याला मोजता कुठे येतात? जातीने फुकट आणि मतीनेही फुकट! भाऊ ओसरीच्या खालच्या पायरीवर बसून भाकरी खाई. घेलचा पाहुणाही राबत होता. परंतु तो ज्या टेबलावर घरधनी जेवे त्याच टेबलावर जेवत होता, त्याच छपराखाली झोपत होता, आजारी पडला तर त्याच्या उशाशी कोणी बसत होते, आणि त्याच्या येण्याने घरात पैसा येत होता, जात नव्हता. शोषण दोन्हीकडे असू शकते; पण दोन्ही एकच आहे असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. ज्याला आयुष्यभर 'तुझ्याने काय होणार' हेच ऐकावे लागते, त्याच्या हाताला काम असणे ही काय चीज आहे ते मी घरात पाहिले आहे.

१९३८ साली घेलमध्ये ३,७३६ पाहुणे होते. एका मध्यम गावात! पुष्कळ वेळा आई-बापांनी ठेवलेला पाहुणा त्यांच्यामागे मुलाकडे, मग नातवाकडे राही. एकाच कुटुंबात पन्नास वर्षांहून अधिक राहिलेली माणसे तेथे आहेत. सगळेच मनोरुग्ण नव्हते. विसाव्या शतकाअखेरच्या पाहुण्यांपैकी जवळजवळ निम्मे माझ्या भावासारखे, बुद्धीने मंद असलेले होते. घरच्यांना रोगाचे नाव सांगत नसत. काय आवडते, कशाने बिथरतो, एवढेच सांगत. जाता जाता आणखी एक : १८८० साली एक हताश पाद्री आपल्या विक्षिप्त थोरल्या मुलाला घेलला धाडण्याच्या विचारात होता. मुलगा गेला नाही, भडकला. त्याचे नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

परंतु घेलमध्येही एक वेस होती. ती दाखवल्याबद्दल मी रूसेन्सचा ऋणी आहे. त्याने गावात राहून पाहिले की पाहुणा कुटुंबाचा असतो आणि नसतो. रस्त्यात त्याला कोणी हसत नाही, खाणावळीत त्याला जागा आहे. तरीही कोण 'आमच्यातला' आणि कोण 'पाहुणा' हे गावातले लहान मूलसुद्धा जाणते. आणि लग्न? गावच्या मुलीने पाहुण्याशी संबंध जोडणे ही कल्पनाच निषिद्ध. म्हणजे रोटीव्यवहार झाला, बेटीव्यवहार नाही! हे वाचून मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ हसलो. सात शतकांच्या करुणेला जी पायरी चढता आली नाही ती कोणती हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको. बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' मध्ये बोट ठेवले होते ते तेथेच.

घेलहून पूर्वेला काही तासांच्या अंतरावर जर्मनीची हद्द लागते. त्या देशात १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत, सरकारी योजनेखाली, ७०,२७३ अपंग, मतिमंद आणि मनोरुग्ण माणसे विषारी वायूने मारली गेली. हा आकडा मारणाऱ्यांच्याच हिशेबाच्या कागदांतला. ही माणसे जवळजवळ सर्व संस्थांमधून नेली गेली : सुसज्ज, स्वच्छ, भिंती असलेल्या संस्था. दारी राखाडी बस आली, यादी वाचली गेली, माणसे चढवली गेली. ज्यांना आधीच एका ठिकाणी गोळा करून, नोंदून, गावाच्या नजरेआड ठेवलेले होते त्यांना उचलणे सोपे गेले. गावकुसाबाहेर वस्ती असण्याचा हा एक अर्थ आहे. आग लावणाऱ्याला ती वेगळी सापडते.

आणि आपला देश? तमिळनाडूतल्या एर्वाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांना ठेवण्याची जुनी रीत होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथल्या एका खाजगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे जागच्या जागी जळून मेली. एर्वाडीचा आरंभ घेलसारखाच होता हे लक्षात घ्या. पवित्र स्थान, गुण येईल या आशेने आलेले नातलग, उतरण्याची सोय, दरमहा पैसे. सगळे तेच. मग एकीकडे चूल आणि दुसरीकडे सरण, असे का झाले? धर्माचा फरक म्हणाल तर तो खरा नव्हे. घेलच्या कॅथलिकांनीही बेड्या ठोकल्या होत्याच. फरक असा की एका ठिकाणी माणूस घरात राहिला, दुसऱ्या ठिकाणी तो झापाच्या शेडमध्ये गठ्ठ्याने ठेवला गेला. एका ठिकाणी दीडशे वर्षांपूर्वी कायदा आला, तपासणारा आला, आंघोळीचा दिवस आला, दुसऱ्या ठिकाणी कोणीच आले नाही. माणसांच्या चांगुलपणावर मी विसंबत नाही. जन्मभराच्या अनुभवाने मला एवढे शिकवले आहे.

आपल्या परंपरेने या माणसांना कोठे बसवले होते तेही पाहू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्क कोणाला नाही त्याची यादी आहे. तीत नपुंसक आहे, जातीतून पतित झालेला आहे, जन्मांध आणि बहिरा आहे, वेडा, जड, मुका आहे. पतित आणि मतिमंद एकाच श्लोकात, मांडीला मांडी लावून! त्यांना वाटा नाही. अन्नवस्त्र तेवढे द्यावे. हक्क नाही, दया आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जळला त्यात माझ्या भावाचेही अपात्रतेचे पान जळाले, ही गोष्ट मला फार उशिरा सुचली. दुसऱ्याच वर्षी, १९२८ साली, ब्रिटिश सरकारने हिंदू वारसाहक्कातल्या या अपात्रता दूर करणारा कायदा केला. आंधळे, बहिरे, मुके सुटले. परंतु जन्मतः वेडा आणि जन्मतः जड यांना त्या कायद्यानेही बाहेरच ठेवले. त्यांची सुटका १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने झाली : रोग, व्यंग, दोष यांमुळे कोणाचाही वारसा जाणार नाही. ज्या हिंदू कोड बिलाच्या तुकड्यांतून हा कायदा निघाला त्याच बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले होते. आपण ते बिल स्त्रियांच्या हक्कांसाठी आठवतो, ते योग्यच आहे. त्यात या मुक्या वारसदाराचाही वाटा होता, हे मात्र मी तरी आपल्या एकाही सभेत ऐकलेले नाही. चौदा एप्रिलला माझा भाऊ मिरवणुकीत पुढे निळा झेंडा धरतो. वस्तीने तो मान त्याला दिला आहे आणि तो कोणाला झेंड्याला हात लावू देत नाही. एरवी वर्षभर आमच्या कार्यक्रमपत्रिकेत तो कोठेही नसतो.

घरासारखे राहण्याचा दुसरा एक प्रयोग फ्रान्समध्ये १९६४ साली सुरू झाला. जाँ व्हॅनिए नावाच्या कॅनडियन गृहस्थाने दोन मतिमंद माणसांना संस्थेतून काढून आपल्याबरोबर एका लहान घरात आणले. 'लार्श' असे त्याचे नाव. त्याची घरे जगभर पसरली. आपल्याकडे बंगळूरला १९७० साली 'आशा निकेतन' निघाले. व्हॅनिएला लोक जिवंतपणी संत म्हणू लागले. २०१९ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी, खुद्द लार्शने करवलेल्या चौकशीतून, त्याने अध्यात्माच्या आडून स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाले. २०२३ च्या सविस्तर अहवालात ही संख्या किमान पंचवीस निघाली. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या, असे अहवाल सांगतो. लार्शची घरे चालू आहेत आणि त्यांनी स्वतःच्या संस्थापकाची चौकशी करून ती छापली, हे धैर्य मी मोठे मानतो. परंतु घेलला असा संस्थापकच नव्हता, हे माझ्या मनातून जात नाही. कोणी उद्धारकर्ता नाही, कोणाचा फोटो नाही, कोणाच्या पाया पडायचे नाही. शेकडो सामान्य घरे आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा एक दवाखाना. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते, हा २५ नोव्हेंबर १९४९ चा इशारा समाजसेवेला अधिकच लागू आहे, कारण तेथे भक्तांपैकी निम्मे बोलू शकत नाहीत.

महाराष्ट्रातले एक नाव येथे घेतलेच पाहिजे. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुले वाढवली, कागदोपत्री बापाच्या जागी स्वतःचे नाव लावले, काहींची लग्ने लावून दिली. अठरा वर्षे झाली की मुलाला बाहेर काढायचे, या नियमाविरुद्ध ते वर्षानुवर्षे भांडत आले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामापुढे मी नम्र आहे. तरी हा भार एका म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर का असावा?

घेलही आता ओसरते आहे. महायुद्धानंतर शेतीला यंत्रे आली, तरुण कारखान्यांत गेले, बायका नोकरीला लागल्या. या शतकाच्या आरंभी पाचशेच्या आसपास पाहुणे उरले होते. अलीकडची संख्या दोनशेच्या घरात आहे. २०२३ साली युनेस्कोने या परंपरेची जतन करण्याजोगी म्हणून नोंद घेतली. वारसा म्हणून नोंद होऊ लागली की गोष्ट आजारी आहे असे समजावे! बायका घराबाहेर पडल्या आणि प्रथा आटली, यातच सात शतके हे काम कोणी केले त्याचा कबुलीजबाब आहे. पाहुण्याचे कपडे धुणारी, त्याला भरवणारी, रात्री उठणारी ती होती. मोबदल्याचा पैसा शेतकऱ्याच्या हाती पडत होता. या बाबतीत आमच्या घराने घेलवर टीका करू नये. माझ्या भावाचे अठ्ठावीस वर्षांचे सगळे काही माझ्या बायकोने केले आहे आणि मी भाषणे केली आहेत. सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी १८६३ साली आपल्या राहत्या घरात परक्या विधवांच्या बाळंतपणाची सोय केली तेव्हा पाणी कोण तापवीत होते, हेही आपण विचारले पाहिजे.

बाहेरच्या देशातली गोष्ट उचलून येथे लावता येत नाही, हे मला कळते. आमच्या वस्तीत दोन खोल्यांच्या घरात सात माणसे राहतात. आठवा पाहुणा कोठे ठेवायचा? परंतु वस्तीत माझ्या भावासारखी आणखी चार माणसे आहेत. मी मोजली. त्यातल्या तिघांच्या आया सत्तरीच्या पुढे आहेत. २०१६ च्या कायद्याच्या पाचव्या कलमाने त्यांना समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. हक्काला घरभाडे लागते, भरवणाऱ्या बाईला मजुरी लागते आणि महिन्यातून एकदा येऊन पाठ पाहणारा कोणी लागतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली प्रौढांच्या निवासासाठी 'घरौंदा' नावाची योजना आखली गेली. आमच्या तालुक्यात मी विचारत फिरलो तेव्हा कार्यालयातल्या तरुण कारकुनाने ते नाव माझ्याकडूनच लिहून घेतले. चार घरांच्या आयांना आणि बायकोला घेऊन मी गेल्या महिन्यात बुद्धविहारात बसलो. चर्चा बराच वेळ झाली आणि बरीचशी मजुरीवरून झाली, ते मला बरे वाटले. कोणी पुण्याची भाषा केली नाही. एका आईने विचारले, "माझ्या पोरीला बाप्या मानसाच्या हाती देनार नाय ना?" हा प्रश्न आम्ही पहिल्या क्रमांकावर लिहिला.

त्याच कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्यायचा असतो. त्याचा अर्ज भरायला मी बसलो तेव्हा भाऊ शेजारी बसून कागदावर नाव कोठे आहे ते विचारीत होता. मी बोट ठेवून दाखवले. पालक म्हणून माझे नाव लिहिले, वय लिहिले. वयाचा आकडा पाहून बायको म्हणाली, "आणखी एक नाव लागंल." आमचा मुलगा पुण्याला असतो. त्याला अजून विचारलेले नाही. येत्या सुट्टीत तो येणार आहे.